चौदा हजारांचं पेन तेवीस हजारांना कसं पडलं?

या महिन्यात आलेल्या पत्रांचा गठ्ठा उघडला तर अर्ध्याहून जास्त पत्रं परदेशातून मागवलेल्या नाहीतर परदेशी पाठवायच्या पार्सलचीच निघाली, त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते आणि आज फक्त हेच. मी मुंबईत सहारला एअर कार्गोत क्लिअरिंग एजंटच्या, म्हणजे लोकांचा माल कस्टममधून सोडवून देणाऱ्याच्या ऑफिसात बरीच वर्षं काढली आहेत, बिल ऑफ एंट्री म्हणजे आयातीचे फॉर्म भरण्यात आणि लोकांचे वैतागलेले फोन घेण्यात, त्यामुळे हा विषय निघाला की माझं उत्तर जरा लांबतं, तेवढं सांभाळून घ्या.

ताई, मला फाउंटन पेनचा नाद आहे. जपानच्या एका दुकानातून ऑनलाइन पेन मागवलं, पेन १४ हजार आणि शिपिंग अडीच हजार असे रुपयांत पैसे झाले. पार्सल दारात आलं तेव्हा कुरियरवाल्याने आणखी ५,८६८ रुपये मागितले. घरात सगळे म्हणतायत तुला फसवलं. बिलाचा फोटो पाठवतोय. खरंच फसवलंय का? – एक वाचक, नाशिक

नाही हो, फसवलेलं नाही. पण तुम्हाला आधी कुणी सांगितलं नाही हे मात्र खरं आणि राग त्याचाच यायला हवा. आता तुमचं बिल आपण ओळीओळीने वाचू, एकदा समजलं की पुढच्या वेळी पैसे भरायच्या आधी तुम्ही स्वतःच कागदावर आकडा काढू शकाल.

पहिली गोष्ट, ड्युटी म्हणजे आयातीवरचा कर नुसत्या पेनच्या किमतीवर लागत नाही. किंमत अधिक शिपिंग अधिक इन्शुरन्स, या तिन्हीच्या बेरजेवर लागते. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं कारण आपण शिपिंग वेगळंच धरतो. इन्शुरन्स काढलेला नसेल किंवा त्याचा आकडा माहीत नसेल तर कस्टम मालाच्या किमतीच्या सव्वा टक्क्याहून थोडा कमी, नेमका १.१२५ टक्के धरतं, तुमच्या बिलात तेच साधारण १५८ रुपये दिसतायत. म्हणजे बेरीज झाली १६,६५८. यावर तुमच्या बिलाप्रमाणे १० टक्के बेसिक ड्युटी, १,६६६. त्या ड्युटीवर १० टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज, म्हणजे १६७. आता हे सगळं मिळून झालेल्या रकमेवर, म्हणजे साडेअठरा हजारांच्या आसपास, १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा जीएसटी, तो ३,३२८. हो, टॅक्सवर टॅक्स लागतो, ते तसंच आहे. हे झाले ५,१६० च्या आसपास, हे सरकारचे. उरलेले ७०८ कुरियर कंपनीचे, तिने तुमच्या वतीने ड्युटी आधी भरली आणि कागद केले त्याची फी ६०० आणि त्या फीवर परत १८ टक्के जीएसटी.

आणि एक खर्च या बिलात नाहीच, तो तुमच्या कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये बघा. बँका परदेशी व्यवहारावर मार्कअप लावतात, बऱ्याच कार्डांवर तो साडेतीन टक्क्यांपर्यंत असतो, वर त्यावर जीएसटी. साडेसोळा हजारांवर तो सगळा धरून ६८० च्या घरात जातो. म्हणजे १४ हजारांचं पेन तुमच्या हातात पडलं ते २३ हजारांना. घरच्यांना हेच सांगा, फसवलं नाही पण किंमत २३ हजार होती, १४ नव्हती.

तुमचं नशीब म्हणजे हे पार्सल आत्ता आलं. वैयक्तिक वापरासाठी पोस्टाने नाहीतर विमानाने येणाऱ्या मालाला टॅरिफमध्ये, म्हणजे कस्टमच्या दरपत्रकात, वेगळं हेडिंग आहे, ९८०४, आणि काही वर्षांपूर्वी त्यावर ३५ टक्के बेसिक, वर सरचार्ज, वर २८ टक्के आयजीएसटी असा सगळा मिळून ७७ टक्क्यांच्या पुढे हिशोब जायचा, तेव्हा लोक फोनवर अक्षरशः रडायचे. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा यावरचा २८ चा १८ झाला, आणि २०२६ च्या बजेटमध्ये पर्सनल मालाचा टॅरिफ रेट २० वरून १० टक्के करायचं जाहीर झालं. हे रेट बजेटबरोबर हलतात म्हणून ऑर्डर करायच्या दिवशी बघायचे, मैत्रिणीच्या दोन वर्षांपूर्वीच्या अनुभवावर जायचं नाही.

पुढच्या वेळी दुकानाच्या चेकआउटला ड्युटी आधीच भरायचा पर्याय आहे का बघा, डीडीपी असं लिहिलेलं असतं. तो घेतला की दारात काही द्यावं लागत नाही. डीएपी किंवा डीडीयू लिहिलेलं असेल तर ड्युटी तुमच्या गळ्यात हे पक्कं समजा. डीडीपीतही काही दुकानं जास्तीची रक्कम कापून घेतात, तेव्हा वर सांगितलेलं गणित आधी स्वतः करा आणि मग दोन्ही ताडून बघा.

माझी मुलगी न्यू जर्सीला असते. तिने नातवासाठी खेळणी आणि माझ्यासाठी स्वेटर पाठवला, डब्यावर गिफ्ट असं स्पष्ट लिहिलं होतं, तरी ड्युटी लागली. गिफ्टला माफी असते ना? आता ती म्हणते पुढच्या वेळी किंमत १० डॉलर लिहिते. – एक आजी, पुणे

आजी, माफी होती, आता नाही. पूर्वी परदेशातून आलेल्या पाच हजार रुपयांपर्यंतच्या गिफ्टला ड्युटी लागत नसे. मग झालं काय की चीनमधून शॉपिंग अॅपवाल्यांनी ऑर्डरचा मालच गिफ्ट म्हणून पाठवायला सुरुवात केली, लाखो पाकिटं, सगळ्यांवर गिफ्ट, आणि खऱ्या आजीआजोबांची सवलत त्यात गेली. डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने ती बंद केली. फक्त दोन गोष्टी ठेवल्या, राख्या आणि जीव वाचवणारी औषधं. राखीच्या पाकिटात चॉकलेट आणि परफ्युम घातलं की ते राखीत धरत नाहीत हेही लक्षात असू द्या.

अजून एक छोटी तरतूद आहे जी फार कुणाला माहीत नसते, एकूण ड्युटीच १०० रुपये किंवा त्याहून कमी होत असेल तर ती घेतच नाहीत. पण आजच्या दराने माल शिपिंगसकट सव्वातीनशे रुपयांच्या आत असेल तरच हे जमतं, म्हणजे राखी, ग्रीटिंग कार्ड असलंच काहीतरी.

आता १० डॉलरबद्दल. मुलीला कृपया हे करू देऊ नका, मी हात जोडून सांगते. कस्टमवाले इंटरनेटवर किंमत बघतात, कंपनीच्या स्वेटरला १० डॉलर लिहिलेलं पाहिलं की किंमत ते स्वतः ठरवतात, वरून दंड लागू शकतो, पार्सल अडकतं आणि नातवाचा वाढदिवस निघून जातो. आणि समजा कस्टममधून सुटलं पण वाटेत हरवलं, तर कुरियर नुकसानभरपाई देणार ती डिक्लेअर केलेल्या किमतीवरच. ८० डॉलरचा स्वेटर हरवला आणि हातात १० डॉलर आले असं मी एकदा नाही अनेकदा पाहिलंय. बिल खरं लावा आणि खेळण्यांपुरतं म्हणाल तर इथेच विकत घ्या, मुलीने पैसे पाठवले तरी नातवाला काही फरक पडत नाही.

आमचा घरगुती फराळाचा उद्योग आहे, दिवाळीला अमेरिकेत पंचवीस-तीस डबे जातात. गेल्या वर्षी फार गोंधळ झाला, रेट वाढले, दोन डबे तिकडे अडकले. यंदा गिऱ्हाइकांना काय सांगू? – एक उद्योजिका, कोल्हापूर

ताई, गेल्या वर्षीचा गोंधळ तुमच्यामुळे नव्हता, हे आधी मनातून काढून टाका. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल ड्युटीशिवाय आत जायचं, ती सवलत चीनसाठी २ मे २०२५ ला गेली आणि बाकी सगळ्या देशांसाठी २९ ऑगस्टला. त्याच आठवड्यात, २७ तारखेपासून, भारताच्या मालावर ५० टक्के टॅरिफ लागलं. ड्युटी कुणी गोळा करायची आणि कशी हेच ठरलेलं नव्हतं म्हणून विमान कंपन्यांनी टपाल घ्यायचं थांबवलं आणि आपल्या पोस्टाने २५ ऑगस्टपासून अमेरिकेचं बहुतेक बुकिंग बंद केलं. ते परत सुरू झालं १५ ऑक्टोबरला, ड्युटी इथेच बुकिंगच्या वेळी भरून. आणि लक्ष्मीपूजन होतं २१ ऑक्टोबरला. सहा दिवसांत चिवडा शिकागोला कसा पोचणार? मग सगळे खासगी कुरियरकडे पळाले, तिथले रेट चढले, आणि तिकडे ब्रोकरकडे कागदांचा ढीग. त्या दोन महिन्यांत किती आयांनी लाडू करून घरातच ठेवले असतील याचा विचार आला की आजही वाईट वाटतं.

टॅरिफचा आकडा त्यानंतर बदलत राहिलाय, तेव्हा टक्केवारी मी इथे छापत नाही, डबा बुक करायच्या दिवशी कुरियरकडून लेखी घ्या. पण ८०० डॉलरची सवलत गेली ती गेलीच असं धरून चाला.

एक गोष्ट शाबूत राहिली, ती गिफ्टची. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेलं १०० डॉलरपर्यंतचं खरं गिफ्ट अमेरिकेत ड्युटीशिवाय जाऊ शकतं. म्हणजे आईने मुलाला पाठवलेला डबा. तुम्ही तिकडच्या गिऱ्हाइकाला थेट विकलेला डबा हे गिफ्ट नाही, तिथे तुम्ही विक्रेत्या आहात आणि इनव्हॉइस तसंच हवं. गिऱ्हाइकाला समोर बसवून हे समजावून सांगा, कारण डबा अडकला की फोन तुम्हालाच येणार आहे.

दुसरं म्हणजे खाण्याच्या वस्तूंबद्दल अमेरिकेच्या एफडीएला, म्हणजे तिकडच्या अन्न-औषध खात्याला, आधी कळवावं लागतं, त्याला प्रायर नोटीस म्हणतात. आईने स्वतःच्या घरात केलेला फराळ स्वतःच्या मुलाला गिफ्ट म्हणून पाठवला तर ही नोटीस लागत नाही. पण तोच फराळ तुमच्याकडून विकत घेऊन पाठवला तर लागते, कारण तो घरी केलेला राहिला नाही, धंद्याचा माल झाला. गेल्या वर्षी तुमचे दोन डबे बहुतेक इथेच अडकले असावेत, त्या दोन्हीवर तुम्ही होममेड लिहिलं होतं असं तुम्हीच पत्रात म्हणता आणि आत तुमच्या उद्योगाची छापील लेबलं होती. लेबल असू द्या, ते चांगलंच आहे, फक्त कागद लेबलाशी जुळायला हवेत. नोटीस बहुतेक कुरियरवाले भरून देतात, पण त्यात तुमच्या उद्योगाचं एफडीए रजिस्ट्रेशन लागतं का हे त्यांना आत्ताच विचारा, दिवाळीच्या तोंडावर नको. ते रजिस्ट्रेशन एकदा केलं की दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये रिन्यू करावं लागतं, म्हणजे नेमकं तुमच्या घाईच्या दिवसांत.

आणि वजन! तुम्ही लिहिलंय पाच किलोच्या डब्याला सात-आठ किलोचे पैसे लावले. ते लबाडी नाही, त्याला व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, गुणाकार करायचा आणि ५,००० ने भागायचं. तुमचा खोका ४० बाय ३० बाय ३० चा, म्हणजे ३६,०००, भागिले ५,००० म्हणजे ७.२ किलो, आणि खरं वजन आणि हे यातलं जे जास्त त्याचे पैसे लागतात. पोह्यांचा चिवडा हलका पण जागा खातो, लाडू जड पण मावतात. म्हणून एकाच खोक्यात खाली लाडू, शंकरपाळी, अनारसे आणि वरच्या मोकळ्या जागेत चिवडा असं भरलं तर दोन्ही वजनं जवळ येतात आणि पैसे वाया जात नाहीत. चकली मात्र वेगळ्या कडक डब्यातच, तिच्यावर काही ठेवायचं नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार. गिऱ्हाइकांना ऑर्डरची शेवटची तारीख गणपतीनंतर लगेच देऊन टाका.

पीएचडीसाठी लंडनच्या दुकानातून काही पुस्तकं मागवायची आहेत, साधारण ६ हजारांची, शिपिंग दीड हजार. पुस्तकांवर पण एवढीच ड्युटी? कुरियर घेऊ की पोस्ट? – विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

नाही गं, पुस्तकांचं बरं आहे. छापील पुस्तकांवर आधी बेसिक ड्युटीच नव्हती, जुलै २०१९ च्या बजेटमध्ये ५ टक्के लावली, ती लावायला नको होती असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे, पण पुस्तकांवर जीएसटी नाही ही मोठी गोष्ट. शिपिंगचा तुला एक फायदा सांगते, विमानाने येणाऱ्या मालाचं भाडं कितीही असलं तरी मोजताना मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपर्यंतच धरतात. तुझं भाडं दीड हजार पण धरणार १,२०० च. तर हिशोब सव्वासात हजारांवर, ड्युटी सरचार्जसकट चारशेच्या आसपास येईल. फक्त दुकानाला सांग इनव्हॉइसवर नुसतं पर्सनल गुड्स लिहू नका, छापील पुस्तकं असं नावानिशी लिहा, नाहीतर सरसकट पर्सनल मालाचा रेट लागायची भीती असते आणि मग भांडत बसावं लागतं.

घाई नसेल तर पोस्टच घे. पोस्टाचं पार्सल मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या फॉरेन पोस्ट ऑफिसात कस्टम बघतं, ड्युटी असेल तर तशी चिठ्ठी लागते आणि पैसे डिलिव्हरीच्या वेळी भरायचे, कुरियरसारखी सहाशे-सातशेची फी लागत नाही. वेळ जास्त जातो आणि ट्रॅकिंग मधेच आठवडाभर गप्प बसतं, घाबरून जाऊ नकोस. कुरियर घेतलंस तर केवायसीचा मेसेज येईल, आधार वगैरे मागतील, ते खरंच लागतं, पण लिंकवर न जाता कुरियरच्या साइटवर स्वतः जाऊन ट्रॅकिंग नंबर टाकूनच अपलोड कर.

बूट मागवले, साइज चुकीची आली. दुकान परत घ्यायला तयार आहे पण भरलेली ड्युटी परत मिळेल का? – ठाणे

कायद्यात आहे. माल सदोष निघाला किंवा सांगितलेल्याप्रमाणे नसला आणि तो परत पाठवला तर ड्युटीचा रिफंड मागता येतो, पण ३० दिवसांचं बंधन आहे आणि परत पाठवण्याचे एक्सपोर्टचे कागद कस्टमच्या रीतीने करावे लागतात. हजार-दोन हजारांच्या ड्युटीसाठी एजंटची फीच त्याहून जास्त होईल, मी हे खरं ते सांगते. दुकानाला विचारा की बूट मीच ठेवते, थोडे पैसे परत देता का, कारण परतीचं शिपिंग त्यांनाही परवडत नाही. घरात कुणाला बसत असतील तर याहून चांगला मार्ग नाही.

म्युनिकला राहतो. आईने पैठणी पाठवली तर इथे काय लागेल?

युरोपात २२ युरोपर्यंतची व्हॅटची माफी १ जुलै २०२१ पासून गेली. घरच्यांनी पाठवलेलं ४५ युरोपर्यंतचं गिफ्ट सुटतं, पण खरी पैठणी त्यात कुठली बसायला. १५० युरोच्या वर गेलं की ड्युटी आणि वर तुमच्याकडचा १९ टक्के व्हॅट, दोन्ही. आई नाहीतर तुम्ही येजा करणार असाल तर बॅगेतून न्या, तिथली प्रवाशांची मर्यादा विमानाने येणाऱ्याला ४३० युरो आहे. आणि तिकडचे मराठी लोक छोट्या ऑर्डरी मागवतात त्यांना सांगा, १ जुलै २०२६ पासून १५० युरोच्या आतल्या ऑनलाइन मालावरही प्रत्येक प्रकारच्या वस्तूमागे ३ युरो ड्युटी ठरली आहे.

मला फोन आला, तुमच्या नावाचं पार्सल मुंबई कस्टममध्ये पकडलंय, त्यात ड्रग्ज आहेत, व्हिडिओ कॉलवर या नाहीतर अटक. मी काहीच मागवलेलं नाही. दोन दिवस झोप नाही. मुलाला सांगायची लाज वाटते. – एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

सर, तुमचं पत्र सगळ्यात शेवटी छापतेय पण उत्तर मी तुम्हाला त्याच दिवशी फोनवर दिलं, इथे बाकीच्यांसाठी लिहिते. हा फोन खोटा आहे. पूर्ण खोटा. कस्टमचा माणूस व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करत नाही, डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट कायद्यात नाहीच. कस्टम कुणाच्या खासगी खात्यावर किंवा यूपीआयवर पैसे मागत नाही. त्यांचं खरं पत्र आलं तर त्यावर डीआयएन म्हणून एक नंबर असतो, तो सीबीआयसीच्या, म्हणजे कस्टमच्या केंद्रीय मंडळाच्या साइटवर टाकून पत्र खरं की खोटं ते तपासता येतं. मी इतकी वर्षं सहारला काढली, तिथले अधिकारी कडक असतात, उशीर करतात, पण असा फोन कुणी करत नाही.

तुम्ही पैसे दिले नाहीत हे फार चांगलं केलंत. कुणाचे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितक्या लवकर कराल तितके ते खात्यात अडवले जायची शक्यता जास्त. आणि सर, लाज तुम्हाला कशाची, तुम्ही काही केलेलं नाही. मुलाला आज संध्याकाळीच सांगा, तो नंबर ब्लॉक करून देईल आणि तुम्हाला झोप लागेल.